पिलांच्या पाण्यातलं आगळ

आजारी नसलेल्या पिलाला औषधाचं पाणी पाजायचं, हा प्रकार मला अजूनही मान्य नाही. एक दिवसाचं ब्रॉयलर पिलू खोक्यातून उतरतं, त्याला धड उभं राहता येत नाही, आणि पहिल्याच घोटात अँटिबायोटिक. कशासाठी? तर पुढेमागे काही होऊ नये म्हणून! याच्याविरुद्ध मी पत्रकं लिहिली, छापली, कणकवलीच्या बाजारात उभा राहून वाटली. सुरुवातीला आम्ही चौघं होतो. एक गोव्याला नोकरीला लागला, एकीचं लग्न झालं. तिसऱ्याने तोंडावर सांगितलं, "तू माणसांवांगडा बोलनस नाय रे, त्यांच्या अंगार जातस." मग मी एकटाच उरलो.

घरातही एकटाच. मागच्या पडवीत पन्नास पिलं होती. त्यांच्या पाण्यात काय घालायचं ते मी स्वतः करून पाहिलं होतं, ऐकीव काही नव्हतं. पहिल्या दिवशी गुळाचं पाणी, प्रवासाचा शीण जावा म्हणून. मग कधी ठेचलेल्या लसणीचं पाणी, कधी तुळस-हळदीचा गाळलेला काढा, आणि आठवड्यातून दोनदा लिटरमागे चार चमचे आगळ, म्हणजे आपला कोकमाचा रस. पाणी किंचित आंबट झालं की पोट बिघडवणारे जंतू दबतात. बाजारातली आम्लाची बाटली कशाला आणायची, परड्यात कोकमाचे रातांबे पडून कुजतात ते काय कमी आहेत?

फक्त माझं आगळ ताजं, बिनमिठाचं. घरोघरी करतात ते वर्षभर टिकावं म्हणून भरपूर मीठ घालून. आणि कोंबडीच्या पिलाला मीठ सोसत नाही. हे मला ठाऊक होतं. मसुद्यात मी लिहिलंही होतं: "आगळ बिनमिठाचेच घ्यावे. मिठाचे अजिबात चालणार नाही."

छपाईवाला म्हणाला, "एक ओळ पानात बसत नाही. काहीतरी काढा, नाहीतर मथळा लहान करा."

मथळा होता "विषाचे डबे फेकून द्या!" तो लहान करायचा? मी ती मिठाची ओळ काढली. एवढं कोणालाही कळतं, म्हटलं. मिनिटभरही विचार केला नाही.

पत्रकाखाली माझा नंबर होता. कितीतरी दिवस कोणाचा फोन नाही. एकाने फक्त गाईसाठी पेंड मिळेल का, असं विचारलं. मग एके सकाळी नांदगावहून एका बाईंचा आला.

"कागदावरचो माणूस तूच मां?"

"होय, काकी."

"मिया तुझो सगळो कागद वाचलंय. दोनशे पिलां हाडलंय. औषधाचो डबो फेकलंय. तू लिवलंस तसाच करतंय आता."

फोन ठेवल्यावर मी घरात नुसता फेऱ्या मारत होतो. कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं. शेवटी पडवीत जाऊन पिलांनाच सांगितलं.

आठवड्याने पुन्हा त्यांचाच फोन आला. "अरे झिला, पिलां सारखी पाणी पितत आणि मान टाकतत. सकाळपासून बारा गेली. काय चुकला माझा?"

मोटरसायकल काढून गेलो. घरामागे त्यांनी स्वतः बांधलेली शेड. खालचा भुसा ओलाचिंब, पिलं चोच उघडी टाकून भांड्यांभोवती एकमेकांवर चढत होती. काही उताणी पडली होती, पोटं फुगलेली. त्यांनी कौतुकाने बरणी आणून दाखवली. "भायरचा नाय हां. घरचा आगळ." बरणीच्या तळाशी मिठाचा थर होता. मी बोट बुडवून जिभेला लावलं. लावायची गरज नव्हती.

गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांच्याशी बोलताना आपोआप माझं मराठी शुद्ध झालं. "साधं पाणी द्या," ते म्हणाले, "पण एकदम पोटभर नाही. थोडं थोडं, आणि मध्ये काढून घ्या."

तहानेने वेड्या झालेल्या पिलांपुढे भांडं ठेवायचं आणि त्यांनी चार घोट घेतले की उचलायचं. दुपारभर आम्ही दोघं हेच करत होतो. मध्येच काकींचे दीर कुंपणापाशी थांबले.

"काय वयनी, कागद वाचून पिलां मोठी झाली?"

"तू तुझा काम बघ," काकी म्हणाल्या. कंपनीची पिलं कंत्राटावर वाढवणं सोडून स्वतःची वाढवीन, असं त्यांनी सगळ्या वाडीला सांगितलं होतं. ह्या खेपेला हसं झालं तर पुन्हा शेड भरणार नव्हती, हे त्यांनी मला सांगायची गरज नव्हती.

दीर गेल्यावर त्यांनी विचारलं, "ह्या मिठाचा तुका म्हायत होता?"

नाही म्हणता आलं असतं. कोणीही विश्वास ठेवला असता. "होय," मी म्हटलं. "लिवला होता. जागा पुरली नाय, काढून टाकलंय."

त्यांनी खांबाला टाचलेलं पत्रक काढलं आणि मथळ्यावर बोट ठेवलं. "मगे ह्या एवढा मोठा कित्याक?"

मी वाकून रिकामं भांडं उचललं. एरवी मला प्रत्येक गोष्टीचं उत्तर असतं.

संध्याकाळपर्यंत चाळीसेक पिलं गेली. मी खड्डा खणला, त्यांनी पुरली. बाकीची दोन दिवसांत सावरली. मी रोज जात होतो, भांडी घासत होतो, ओला भुसा काढून कोरडा पसरत होतो. त्या अडवत नव्हत्या. काही विचारायचं झालं की डॉक्टरांना फोन करत. मी समोर असतानासुद्धा.

पत्रक पुन्हा छापलं. मथळा बारीक केला, मिठाची ओळ सगळ्यात वर घेतली. खाली लिहिलं की आधीच्या पत्रकात चूक होती आणि ती माझी होती. बाजारात जुनं पत्रक ज्यांना दिलं असेल त्यांना शोधत फिरलो. एकालाही आठवत नव्हतं. कोणी वाचलंच नव्हतं. ह्याने बरं वाटायला हवं होतं.

काकींच्या कोंबड्या विकल्या गेल्यावर एक प्रत घेऊन नांदगावला गेलो. काकी शेडमध्ये चुना मारत होत्या, म्हणजे नवीन पिलं येणार होती. त्यांनी हात पुसले, उभ्या उभ्या सगळं वाचलं आणि कागद मला परत दिला.

"माका आता म्हायत आसा रे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाक दी."

आणि ब्रश उचलून भिंतीकडे वळल्या. भांडी कुठे ठेवली आहेत ते मला माहीत होतं, घासायची होती तीही दिसत होती. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, म्हणून मोटरसायकल ढकलत रस्त्यापर्यंत नेली आणि तिथे सुरू केली.