सारख्या नसलेल्या चार कवट्या

वस्तू कोणतीही असो, मामा आधी डोळे मिटायचे आणि मग तिच्यावरून उजव्या हाताचा अंगठा फिरवायचे. कलिंगड असो, खुर्चीचा मोडका पाय असो, नाहीतर माझ्या टेबलावरची कवटी. “डोळं फसत्यात म्याडम, अंगठा फसत न्हाय,” असं म्हणून मगच मत द्यायचे. दिलेलं मत परत घ्यायची सवय त्यांना नव्हती. अशा माणसाबरोबर काम करताना किती वैताग येतो, हे तुमच्यापैकी ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक असेल.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात मानवशास्त्र शिकवते. मामा आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस, दरवर्षी नेमणुकीच्या नव्या ऑर्डरवर. मूळचे कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या दुधनीचे, घरात कन्नड. उमेदीची सगळी वर्षं शुक्रवार पेठेतल्या एका कारखान्यात गणपती करण्यात गेलेली. रागावले की आम्हाला कळू नये म्हणून कन्नडमध्ये पुटपुटायचे. घरोघरी कन्नड कळणाऱ्या सोलापुरात हा बेत कितपत साधणार, ते तुम्हीच ठरवा.

एका वर्षी मी पुण्याहून चार कवट्यांचे नमुने पंधरा दिवसांच्या बोलीवर आणले. मेक्सिकोत पाण्याखाली गेलेल्या गुहांमध्ये फार जुन्या माणसांचे सांगाडे सापडले, त्यांच्यावरून केलेले. अमेरिका खंडात माणूस मुळात नव्हता, तो बाहेरून गेला. कोण गेले, एका खेपेत गेले की अनेक, याचा माग कवट्यांवरूनही काढतात. या चारही एकाच मुलखातल्या, तरी एकीचा तोंडवळा दुसरीशी जुळत नव्हता. हा फरक मुलांना हाताने कळावा म्हणून मी मामांना साचे काढून प्लास्टरच्या प्रती करायला सांगितलं.

आठवड्यात प्रती तयार झाल्या आणि मी कपाळाला हात लावला. मामांनी भेगा लांबी लिंपून बुजवल्या होत्या, गालाची हाडं दोन्हीकडे सारखी केली होती, भुवयांवरचे उंचवटे घासून टाकले होते. चौघी सख्ख्या बहिणी दिसत होत्या.

“आमच्यात मूर्तीत खोट ठिवून गिऱ्हाइकाला देत न्हाईत,” मामा अभिमानाने म्हणाले.

“मामा, ती खोट हाच पुरावा होता. तुम्ही तो पॉलिश पेपरने घासून टाकलात.”

मी जरा जास्तच बोलले. मामा दोन दिवस माझ्याशी कोणत्याच भाषेत बोलले नाहीत. पण साचे त्यांनी नव्याने काढले. एक अंगठा नमुन्यावर, दुसरा प्रतीवर, डोळे मिटलेले, असे तासन्‌तास बसायचे. प्लास्टर तीनदा ओतलं तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. आधीच्या गुळगुळीत कवट्या टाकून द्या म्हटलं, तर ऐकेनात. हाताने घडवलेला चेहरा मोडायचा नसतो, हा त्यांच्या घरचा नेम. त्या वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात गेल्या.

काम संपल्यावर मामांनी निकाल दिला की ही माणसं एका गाडीने आलेली नाहीत. मी म्हटलं, इतकी घाई नको. खाण्यापिण्याने, हवापाण्यानेही चेहरेपट्टी बदलते, चार कवट्यांवरून खंडाचा इतिहास ठरत नाही. त्यांनी थोडा विचार केला. “मग येवढंच लिवा की, सारक्या न्हाईत म्हणून. तेवढं तर खरं हाय न्हवं?” प्रदर्शनाच्या फलकावर मी तेच वाक्य घातलं.

प्रदर्शनाचे प्रमुख पाहुणे आमच्या संस्थेच्या सचिवांचे स्नेही. त्यांनी एक पुस्तिका लिहिली होती : अमेरिकेतली पहिली माणसं सगळी एकाच वंशाची, एकाच साच्यातली. उद्घाटनाला तासभर उरला असताना सचिव आमचा फलक वाचून अस्वस्थ झाले. तेवढ्यात मामांनी टेबलावर घालायची चादर काढायला कपाट उघडलं, आणि वर्तमानपत्र सुटून उघड्या पडलेल्या गुळगुळीत कवट्यांवर सचिवांची नजर गेली. या किती सुबक आहेत, याच मांडा, म्हणाले. त्या चुकीच्या आहेत असं मी एकदा सांगितलं. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी गप्प झाले. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

मामांनी कपाटातल्या चारही कवट्या टेबलावर ओळीने ठेवल्या. सचिवांना वाटलं, मांडतायत. मग त्यांनी खणातून हातोडी काढली आणि एकेका कपाळाला हात लावून नमस्कार केला.

“घडवल्यालं मोडायचं न्हाय, आमचा बाप सांगायचा. पर ही खोटी साक्ष हाय सायेब, आन माज्या हातची हाय.”

चार घाव घातले. झाडू आणून तुकडेही त्यांनीच भरले.

पाहुणे आले, खऱ्या प्रतींपुढे थांबले, या अशा वेगवेगळ्या का, म्हणून त्यांनी विचारलं. कामगाराचा हात कच्चा आहे, असं सचिवांनी सांगून टाकलं. मामा दारात उभे होते. “हात फिरवून बगा की,” एवढंच म्हणाले. पाहुण्यांनी हात खिशातून काढला नाही.

जूनमध्ये मामांची ऑर्डर आली नाही. ते दुधनीला परतले. मी फोन केला तर म्हणाले, गणपतीचं काम लागलंय, माझी काळजी करू नका. ज्याची ऑर्डर गेली तो मला धीर देत होता.

पुढच्याच महिन्यात सचिवांचं पत्र आलं. प्रती सदोष असल्याचं लिहून द्या, म्हणजे काढून टाकता येतील. मी सगळी मापं नमुन्यांच्या नोंदींशी पुन्हा ताडून पाहिली आणि लिहून दिलं की चारही प्रती अचूक आहेत. मग त्या ठेवलेल्या काचेच्या कपाटाखाली पितळी पाटी लावून घेतली. तिच्यावर करणाऱ्याचं नाव आहे, वडिलांच्या नावासकट, मराठीत आणि कन्नडमध्ये.

ते नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना वाचायचंय त्यांनी कॉलेजात यावं. पाटी काढायची असेल तर माझ्यासमोर काढा, असं मी सचिवांना लेखी कळवलंय. काढायला अजून कुणी आलेलं नाही.