बोटांच्या फटीतून

ताई व्हिडिओ बघायच्या त्या डोळ्यांवर हात धरून. तळहात गालाला, बोटं डोळ्यांवर, आणि बोटांच्या फटीतून एक डोळा स्क्रीनकडे. धडक जवळ आली की त्यांचे खांदे वर जायचे, आणि झाली की तोंडून "आई गं!" निघायचं, इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या खोलीतला आमचा डच साहेब, योस्ट, दार उघडून डोकवायचा. धडकाधडकीचा खेळ बघणं हीच ज्यांची नोकरी, त्यांनी असं घाबरावं याचं मला पहिल्या दिवशी हसू आलं होतं. ते फार दिवस टिकलं नाही.

लायडनमध्ये आमचं छोटंसं ऑफिस होतं आणि गिऱ्हाईक होता अमेरिकेतला एक व्यावसायिक फुटबॉल संघ. फुटबॉल म्हणजे पायानं खेळतात तो नव्हे. चेंडू काखेत दाबून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर उड्या घेऊन आडवं करायचं, तो. त्यात चेंडू घेऊन गर्दीत घुसणारा गडी म्हणजे रनिंग बॅक. दर वसंतात तिकडचे संघ पाळीपाळीनं कॉलेजातली पोरं निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. यंदा कुठला धावणारा घ्यावा आणि कुठला सोडावा, हा सल्ला आम्ही द्यायचो. मी पुण्याहून आलेला संगणकवाला. माझा प्रोग्राम वेग, वळणं, निसटलेल्या पकडी मोजायचा. ताई मूळच्या फिजिओथेरपिस्ट. पुण्यात कबड्डीच्या पोरांचे गुडघे आणि खांदे दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मग माणूस चालतो कसा, यावर संशोधन करायला इथे आल्या आणि इथेच राहिल्या. एकट्याच. ऑफिसात मराठी आम्ही दोघंच.

दोघांचीही कंत्राटं वर्षावर्षाची, आणि या देशात राहण्याचा परवाना त्या कंत्राटाला बांधलेला. संघ खूश तर ऑफिस चालू, ऑफिस चालू तर परवाना. झूटरमेरच्या घरात माझी बायको आणि नुकतीच डच शाळेत रुळलेली मुलगी होती. रोज सकाळी लायडनच्या बसमध्ये बसलो की माझ्या पोटात गोळा यायचा. एकदा ताईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "येतो ना गोळा? मग तू काम नीट करशील. ज्यांना येत नाही ना, त्यांच्यापासून जरा लांब राहा."

त्यांची पारखायची रीत एकच होती. व्हिडिओ थांबवायच्या, डोळ्यांवरचा हात काढायच्या आणि विचारायच्या, "मंदार, याची भीती वाटते, की याच्यासाठी?" ज्याची भीती वाटते तो घ्यावा, तो अंगावर आला तर आपणच खुर्ची मागे सारतो. ज्याच्यासाठी भीती वाटते, आता पडला, उठतो की नाही असा आपला जीव खालीवर होतो, तो घेऊ नये. बस, एवढंच. मी माझे आलेख दाखवायचो, त्या मान डोलवायच्या आणि आपलंच म्हणायच्या. गंमत म्हणजे माझा प्रोग्राम आणि त्यांची भीती बहुतेक वेळा एकाच पोरापाशी येऊन थांबायची. जेव्हा थांबायची नाही, तेव्हा योस्ट त्यांचं ऐकायचा आणि मी तोंड वाकडं करून पुन्हा आकडे तपासायला बसायचो.

खेळाडूंची नावं आणि कॉलेजं आमच्यापासून झाकलेली असत. लौकिक ऐकून मत बनू नये, म्हणून फक्त क्रमांक. हे ताईंना मुळीच पटायचं नाही. "माणसाला काय आकड्यानं हाक मारायची? लॉटरी आहे का?" असं म्हणून त्या प्रत्येकाला मराठी नाव ठेवायच्या. डोकं खाली घालून घुसणारा तो रेडा. रंग बदलावा तशी दिशा बदलणारा तो सरडा. कुणाची पर्वा न करता सावकाश चालत जाणारा आणि तरीही कुणाला न सापडणारा, तो तहसीलदार. योस्टसुद्धा मीटिंगमध्ये गंभीर चेहऱ्यानं "रेडा" म्हणायला लागला होता. मी एकदा म्हणालो, "ताई, नाव ठेवलं की जीव लागतो. म्हणूनच तर तो नियम आहे."

"लागू दे की," त्या म्हणाल्या. "जीव लागल्याशिवाय भीती वाटते का? आणि भीतीच वाटली नाही तर मी काम काय करणार?"

बाकी आयुष्यातही त्या घाबरतच जगायच्या, पण त्या घाबरण्याला एक चव होती. "आपण समुद्रापेक्षा खाली झोपतो, हे विसरू नका रे," असं त्या गणपतीच्या जेवणात, पानात मोदक पडलेला असताना सांगायच्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी भर दुपारी सगळ्या देशात चाचणीचे भोंगे वाजतात. ताई त्या दिवशी सकाळपासून घड्याळाकडे बघत असायच्या, आणि भोंगा झाला की दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरायच्या. "माहीत आहे मला, चाचणी आहे ते," त्या डोळे मिटून म्हणायच्या. "पण ज्या दिवशी खरा वाजेल त्या दिवशीही तुम्ही सगळे चाचणीच म्हणणार."

मग तो हिवाळा आला. कालव्यावरच्या पुलावर पाणी गोठलं होतं, ताईंची सायकल घसरली आणि डोकं कठड्यावर आपटलं. हाउसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या घरगुती डॉक्टरांनी, विश्रांती सांगितली आणि पुन्हा दाखवायला बोलावलं. ताई विश्रांती आटोपती घेऊन कामावर आल्या. दाखवायला गेल्याच नाहीत. "सदाशिव पेठेतलं डोकं आहे, त्याला काय होतंय!" म्हणाल्या. सायकल मात्र सुटली. संध्याकाळी आम्ही स्टेशनजवळच्या बसथांब्यापर्यंत बरोबर चालत जायला लागलो, गप्पा मारत. मला बरं वाटायचं.

पुढच्या पहिल्या सोमवारी भोंगा वाजला. मी हसायच्या तयारीनं ताईंकडे बघितलं. त्यांनी टेबल धरलं नाही. शांतपणे खिडकीकडे बघत त्यांनी विचारलं, "कुठे आग लागली का रे?" मला वाटलं, नवीन विनोद आहे. मी हसलो. माझं हसू बघून त्याही हसल्या, जराशा उशिरा.

ड्राफ्ट जवळ आला तेव्हा माझ्या प्रोग्रामनं एका पोराला सगळ्यांच्या वर नेऊन बसवलं. ताईंनी त्याचं नाव बाळ्या ठेवलं होतं, कारण चेंडू तो तान्हं मूल धरावं तसा छातीशी धरायचा. तिकडचा संघाचा माणूस, जो खेळाडू शोधत गावोगाव हिंडतो, तो तर बाळ्याच्या प्रेमातच पडला होता. फक्त आमचा होकार हवा होता. आमचा सल्ला त्याला पटला नाही, तर पुढच्या वर्षी आम्ही त्याला नको होतो, हेही त्यानं योस्टच्या कानावर घातलं होतं. मी खुशीत होतो. होकार द्यायचा, झालं.

ताईंनी बाळ्याचा शेवटच्या सामन्याचा व्हिडिओ लावला. या वेळी त्यांचा हात डोळ्यांवर नव्हता. दोन्ही हात मांडीवर, नजर सरळ. धडक झाली तरी "आई गं" नाही. त्या शांततेची मला इतकी भीती वाटली की मीच म्हणालो, "ताई, काय झालं?"

"बघ. पडला. उठला. आता कुठे जातो ते बघ."

बाकीची पोरं पुढचा डाव ठरवायला घोळका करत होती. बाळ्या जागेवरच उभा होता. त्यानं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग एक दांडगा सोबती आला आणि कोपराला धरून त्याला आपल्या बाजूला घेऊन गेला. अगदी सहज, रोजचं काम असावं तसं.

"दमला असेल," मी म्हणालो.

"दमलेला माणूस जमिनीकडे बघतो. हा दुसऱ्यांकडे बघतोय. सगळे जिकडे जातात तिकडे आपणही जायचं, सगळे हसले की हसायचं. मग कुणाला कळत नाही." त्यांनी व्हिडिओ थांबवला. "डोक्याला लागलंय याच्या. लपवतोय."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

त्यांनी व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा लावला.

संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे निघालो. चौकात मी सहज थांबलो, तशा त्याही थांबल्या. मी वळलो, मग त्या वळल्या. त्या माझ्याबरोबर चालत नव्हत्या, माझ्या अर्धं पाऊल मागून चालत होत्या, आणि हिवाळ्यापासून तशाच चालत होत्या. मी थांबलो आणि विचारलं, "ताई, तुमची बस कुठून सुटते?"

त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"रोज नाही होत असं," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "कधीकधी सगळं पुसून जातं रे. मग परत येतं. कुणाला सांगू नकोस. कंत्राट गेलं तर मी जाऊ कुठे? भावाच्या दारात?"

रात्री मला झोप लागली नाही. त्यांच्यासाठी भीती होती, आणि खोटं कशाला बोलू, स्वतःसाठीही होती. सकाळी संघाच्या माणसाशी फोनवर बोलायचं होतं, त्याआधी मी त्यांना म्हणालो, "तुम्ही नुसतं नको म्हणा. कारण सांगू नका."

"कारण न सांगता ते ऐकतील? तुझे आकडे एवढे झकास आलेत," त्या म्हणाल्या.

फोनवर तो अमेरिकन माणूस चिडला. "पोरगा उभा राहिला आणि इकडेतिकडे बघितलं, एवढंच ना? पुरावा काय तुमच्याकडे?"

"मी," ताई म्हणाल्या.

मग त्यांनी शांतपणे, शाळेतल्यासारख्या नीट इंग्रजीत, सगळं सांगितलं. पूल, कठडा, भोंगा, बसथांबा. "हा माझा सहकारी मला रोज पोचवतो. त्याला वाटत होतं, आपण गप्पा मारतोय. त्या मुलालाही असाच कुणीतरी पोचवतोय. पुढच्या धडकेनंतर कदाचित पोचवायला काही उरणार नाही. आधी त्याचं डोकं तपासा." योस्ट त्यांच्याकडे बघतच राहिला. मी टेबल दोन्ही हातांनी धरलं होतं, हे मला नंतर कळलं.

संघानं बाळ्याला तपासणीला पाठवलं. काय निघालं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. संघानं त्याला घेतलं नाही, एवढंच कळलं. ताई कितीतरी दिवस विचारत राहिल्या, "त्याच्या पोटावर पाय तर नाही ना दिला मी?" मी नाही म्हणायचो. खात्री मलाही नव्हती. संघानं पुढच्या वर्षासाठी आमचं काम कायम ठेवलं, माझा परवाना वाढला. ताईंना इथल्या डॉक्टरांनी काम थांबवायला सांगितलं. योस्टनं खटपट केली, पण वर्ष संपलं तेव्हा त्यांचं कंत्राट पुढे झालं नाही. पुण्याहून भावाचा फोन आला, ये म्हणाला. बोलवायला तो किती तयार होता, हे ताईंना कधी ठाऊकच नव्हतं.

स्खिपोल विमानतळावर मी पोचवायला गेलो. झूटरमेरची एक विद्यार्थिनी त्याच विमानानं जाणार होती, ती आत गेटपाशी थांबणार होती. व्हीलचेअर मागवू म्हटलं, तर "पाय शाबूत आहेत माझे" म्हणून मलाच झापलं. जिथून पुढे फक्त प्रवाशांना सोडतात, तिथे त्या थांबल्या. "तुझी मुलगी सायकल शिकतेय ना?" त्यांनी विचारलं. "तिच्या डोक्यावर काहीतरी घाल. वर्गातली पोरं हसली तरी घाल." मी वाकून नमस्कार केला. त्या आत गेल्या.

आत वाट दोन्हीकडे फुटत होती. माणसं बॅगा ओढत दोन्ही बाजूंनी जात होती, काही डावीकडे, काही उजवीकडे. ताई मधेच उभ्या राहिल्या. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. कोपराला धरायला तिथे कुणी नव्हतं, आणि मला आत सोडणार नव्हते. मी त्या सगळ्या गर्दीत ओरडलो, "ताई!"

त्या वळल्या. त्यांच्या गेटचा बाण डावीकडे होता, मी हात वर करून तिकडे दाखवलं. त्यांनी मला ओळखलं. मग गालाला तळहात लावून, बोटांच्या फटीतून एका डोळ्यानं त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि हसल्या. या वेळी हसायला उशीर झाला नव्हता. त्या डावीकडे वळून चालायला लागल्या, आणि त्या दिसेनाशा झाल्या तरी मी हात तसाच धरून उभा होतो.