ओझितमावशीचं पुढचं दार

ऑक्टोबरात एखादं वादळ होऊन गेलं की खाडीकाठी समुद्रगवताचे ढीग लागतात, आणि आमच्या पब्निको गावात ज्याच्याकडे म्हणून दाताळं आहे तो काठावर पळतो. हिवाळ्याआधी घराच्या भिंतीपासून हातभर अंतरावर फळ्या उभ्या करायच्या आणि मधे ते गवत ठासायचं. उंदीर त्याला तोंड लावत नाही, ठिणगी पडली तरी ते पेटत नाही, आणि वारा बाहेरच राहतो. पुढचं दारही आम्ही मे महिन्यापर्यंत त्यातच पुरून टाकतो. नाहीतरी त्या दारातून पाद्री आत येतो आणि शवपेटी बाहेर जाते. बाकी सगळं जग स्वयंपाकघराच्या दारानं.

ओझितमावशी तेवढं दार सोडून द्यायची. बाकीच्या भिंतींना इतकं नीट गवत, की बघत राहावं. आणि पुढचं दार उघडंबोडकं, वाऱ्याच्या तोंडाला.

ही माझ्या बायकोची मावशी. मी लग्न करून या गावात आलो, त्यामुळे मला मागचं काही ठाऊक नाही, आणि दुसऱ्याच्या चुलीत डोकावायची मला जुनी खोड. बायकोला विचारलं तर म्हणे, "तिलाच विचार." मावशीला विचारलं तर दरवर्षी नवं उत्तर. एकदा म्हणाली गवत कमी पडलं. खाडीकाठी डोंगर पडलाय, आणि हिला गवत कमी पडलं. एकदा म्हणाली मांजराला वाट हवी. तिच्याकडे मांजर नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात व्हायचं तेच झालं. नळाचा पाइप त्याच दाराच्या उंबऱ्याखालून जातो. तो गोठून फुटला, आणि बैठकीच्या खोलीत बर्फ साचला. मावशीची मुलगी लेओनी यार्मथ शहरात राहते. ती आली, फरशीकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "आई, पुन्हा एकदा नळ गोठला की घराला कुलूप आणि तू माझ्याकडे. मला रात्री झोप लागत नाही." लेओनी बोलते ते करते, हे मावशीला माहीत होतं. तिनंच वाढवली होती ती.

म्हणून यंदा मी गवताची गाडी थेट पुढच्या दाराशी नेऊन उभी केली. मावशी शाल गुंडाळून बाहेर आली.

"तिथे नको."

"मावशी, यार्मथला जायचंय का? तिसऱ्या मजल्यावर राहते लेओनी. खिडकीतून दुसऱ्याची भिंत दिसते."

"तू गवत टाकायला आलायस की अक्कल शिकवायला?"

"कारण सांगा, गाडी वळवतो. नाहीतर संध्याकाळपर्यंत इथेच बसतो. मला काय, अजून शेवंड पकडायचा हंगाम सुरू व्हायचाय."

ती पायरीवर बसली.

"मार्सेलँ जानेवारीत गेला," ती म्हणाली. मार्सेलँ म्हणजे तिचा नवरा, मी या गावात यायच्या आधीच वारलेला. "दाराला त्यानं स्वतःच गवत लावलं होतं. गोठून दगड झालेलं. पुरुषमंडळी कुदळ मारून थकली, मग पेटी स्वयंपाकघरातून काढली. तिथलं वळण तुला माहितीय. पेटी आडवी वळेना, तर उभी केली. उभी केल्यावर तो आत घसरला. धप्प आवाज आला. सगळे ऐकून न ऐकल्यासारखे उभे. मी तेव्हाच ठरवलं, मला असं नाही जायचं."

मी इतकी वर्षं खोदून खोदून विचारत होतो, आणि आता वाटलं, नसतं विचारलं तर बरं झालं असतं. गाडी वळवायला उठलो.

"कुठे निघालास?" मावशी म्हणाली. "टाक."

"पण..."

"इथून नीट जायचं तर आधी इथे राहायला नको का? टाक म्हणते ना. मरायचं ते मे महिन्यात बघू."

मी गवत टाकलं, तिनं काठीनं टोचून टोचून कोपरे भरून घेतले. मग किसलेल्या बटाट्याचं रापूर वाढलं आणि मी दुसऱ्यांदा घेतलं नाही म्हणून टोमणा मारला.

फेब्रुवारीत तिला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात जाणार नाही म्हणाली. लेओनी येऊन राहिली. एका दुपारी पाद्री आला, स्वयंपाकघरातून वाकून आत गेला, आणि मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल लावून तसाच वाकून बाहेर पडला. ते पाहिलं आणि माझ्या कानात तो धप्प आवाज वाजायला लागला. मी ऐकलाही नव्हता तो. घरी जाऊन कुदळ आणली आणि पुढच्या दाराशी भिडलो. वरचा थर दगडच होता. घामाघूम झालो, तेव्हा कुठे ढेकूळ सुटायला लागलं.

तेवढ्यात लेओनी कोपऱ्यावरून आली. तिचे डोळे सुजले होते. "आई विचारतेय, भिंतीशी कोण खणतंय. तुला आत बोलावलंय."

मावशी उशांना टेकून बसली होती. श्वास घरघरत होता.

"काय चाललंय तुझं?"

खोटं बोलायची हिंमत झाली नाही. "दार मोकळं करतोय, मावशी. म्हटलं, लागलंच तर."

तिनं दम घेतला. पुन्हा घेतला.

"लागलंच तर उभी न्या, नाहीतर आडवी न्या. मेल्यावर मला काय कळणार आहे? नळ गोठला तर मात्र जिवंतपणी कळेल." लेओनी दारातच उभी होती, आणि मावशी तिच्याकडे बघूनच बोलत होती. "जा मेल्या, ते गवत परत ठास."

मी बाहेर आलो आणि फोडलेली ढेकळं पुन्हा फळीमागे रचायला लागलो. थोड्या वेळानं लेओनी आली. डोक्याला रुमाल, पायात आईचे रबरी बूट. ती फळी ओलांडून गवतावर चढली आणि ते तुडवायला लागली.