एका फोटोसाठी फ्लेमिंगो उडवायचे?

मंडळी, आज सकाळी आमचं प्री-वेडिंग शूट होतं आणि ते जवळजवळ फिसकटलंच. का, ते ऐका.

हैदराबादहून आम्ही मुद्दाम पुलिकत सरोवरावर आलो होतो. समुद्रालगतचं हे खारं पाणी पक्ष्यांसाठी राखीव आहे. थंडीत तिथं फ्लेमिंगो येतात. आज शेकडो पक्षी उथळ पाण्यात माना खाली घालून खात होते.

फोटोग्राफर हैदराबादचाच, आमच्या तारनाका भागातला. त्यानं बॅगेतून सुतळी बॉम्ब काढला. "मॅडम, एक फोडे तो सब के सब उड़ जाते. मस्त फोटो आता!"

मी म्हटलं, "नक्को भाई."

अनिकेत, म्हणजे माझा होणारा नवरा, हळूच म्हणाला, "अगं, एकदाच तर उडतील. परत बसतील की."

"आज आपण, उद्या दुसरं जोडपं. मग या पक्ष्यांनी खायचं कधी? इथं पोट भरायलाच येतात ते."

फोटोग्राफर वैतागला. अनिकेत मोबाईल काढून बाजूला जाऊन उभा राहिला. मला रडूच यायला लागलं, लग्नाआधीच भांडण नको होतं. पण मी हटले नाही. शेवटी बॉम्ब परत बॅगेत गेला.

आत्ता परतीच्या गाडीत अनिकेतनं स्वतः काढलेला एक फोटो दाखवला. मी हातवारे करत भांडतेय आणि मागे सगळे फ्लेमिंगो निवांत खातायत.

"अल्बमवर हाच लावू," तो म्हणाला.

सासूबाईंना पटेल का, माहीत नाही. तुम्ही लावला असता?