जोडाला लावलेला कान

आमच्या कारखान्यात माझ्या बाबांना सगळे ‘डॉक्टर’ म्हणायचे. वेल्डिंग झालं की ते जोडाला कान लावून बसायचे. कडक पोलाद मोठं आतल्या गाठीचं! जोड वरून देखणा दिसतो आणि निवल्यावर तासा-दोन तासांनी आतून तडकतो. ‘टिक्’ एवढाच आवाज. तीस वर्षं तो बाबांच्या कानातून सुटला नव्हता.

मग लेझर आलं, आणि ते चालवायला मी. ‘माझी पोरगी उजेडानं लोखंड जोडते,’ असं बाबा येईल त्याला सांगत सुटले. पण लेझरचा जोड झटक्यात होतो तसा झटक्यात निवतो, आणि कडक पोलादाला ते मानवत नाही. म्हणून लेझरच्या पुढे तांब्याची कॉइल बसवली. ती विजेच्या जोरावर, पोलादाला न शिवता, ते आधीच तापवते, म्हणजे जोड सावकाश निवतो. किती तापवायचं ते बाबा ठरवणार होते. साहेबांनी बजावलं होतं, “पहिला दांडा पास झाला तर डॉक्टर तपासणीला राहतील. नाहीतर आता घरी आराम.” आराम म्हणे! आठ दिवसांत माणूस खचला असता.

दांडा लिफ्टच्या मोटारीचा होता. जोडून तीन तास झाले. बाबा कान लावून, डोळे मिटून बसलेले. मी चहा घेऊन गेले, आणि टिक्! चार पावलांवरून मला स्वच्छ ऐकू आलं.

बाबांनी डोळे उघडले, हसले. “गप्प आहे. लिही पास.”

टीव्ही मोठ्यानं लावतात म्हणून मी घरी त्यांच्यावर किती खेकसले होते! गाढव मी. तोंड उघडूच नये असं फार वाटलं. पण त्या लिफ्टमध्ये कुणाची तरी लेकरं चढणार होती.

“बाबा, तडकला!” दोनदा ओरडावं लागलं. पलीकडे उभ्या साहेबांनीही ते ऐकलं आणि त्यांना सगळं कळलं.

बाबांनी खडूनं स्वतःच दांड्यावर फुली मारली. “कॉइल वाढव. मी कमी तापवलं.”

दुसऱ्या दिवशी जास्त तापवून नवा दांडा जोडला. संध्याकाळपर्यंत मी कान लावून बसले. बाबा आपली पिशवी भरून शेजारी उभे होते. एकही आवाज नाही.

“गप्प आहे, बाबा. पास.”

त्यांनी वाकून आपलाही कान लावला. बराच वेळ लावला.

“असेल,” ते म्हणाले. “मला काय गं, कालचाही गप्पच होता.”