उन्हाळ्यात टिकेल असा मदरबोर्ड

माझी धाकटी बहीण जळगावला असते. सिव्हिलचा डिप्लोमा करून तिने काही वर्षं एका इंजिनिअरकडे नकाशे काढले. आता घरीच, वरच्या खोलीत बसून, लोकांना बांधायच्या घरांची चित्रं संगणकावर करून देते. चित्र अगदी फोटोसारखं दिसावं लागतं. काचेवर उजेड कसा पडेल, फरशीत भिंत कशी उमटेल, हे सगळं संगणक मोजत बसतो आणि तोवर दुसरं काही करता येत नाही. एकेका चित्रात तिची अख्खी सकाळ जायची.

गेल्या हिवाळ्यात तिचा मला धुळ्याला फोन आला. एका आर्किटेक्टने स्टुडिओ बंद केला, त्याच्याकडून तिने चांगल्यातला प्रोसेसर घेतला होता.

"भाऊ, हा कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतो म्हणे. पण मला बायोसच्या सेटिंगमध्ये तसलं काही दिसतच नाही."

"बोर्ड कुठला आहे?"

तिने कॅबिनेट उघडून नाव वाचून दाखवलं आणि माझ्या लक्षात आलं. असा वेग वाढवायला, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगला, नुसता प्रोसेसर मोकळा असून भागत नाही, मदरबोर्डनेही तशी मुभा द्यावी लागते. तिचा बोर्ड ऑफिसात टायपिंगपुरता. त्याच्यावर ती सोयच नव्हती.

"बोर्ड बदलावा लागेल," मी म्हटलं. "मी बघतो."

मी सरकारी कचेरीत लेखा विभागात काम करतो. कॉलेजात असताना मात्र मित्रांचे संगणक मीच जोडून द्यायचो. माझा स्वतःचाही होता. लग्नानंतर दोन खोल्यांत त्याला जागा राहिली नाही, तो एका पुतण्याला दिला आणि विषयच सुटला. बहिणीच्या फोनने तो पुन्हा सुरू झाला. घरी आलो की बोर्डांची परीक्षणं वाचायची, व्हिडिओ बघायचे. बहिणीशी एरवी राखीला आणि दिवाळीला बोलणं व्हायचं, ते आता दिवसाआड होऊ लागलं. कुठल्या बोर्डाला किती पंखे जोडता येतात, एवढ्यावरही आम्ही बराच वेळ बोलायचो.

एका रविवारी जळगावला निघालो. आई पिशवीत तिच्यासाठी चटणीची बरणी ठेवत होती. बहिणीच्या घरी निघालो तरी मी फोनमधून डोकं वर काढत नाही हे बघून म्हणाली, "बहीणना घर जाई ऱ्हायना, नि बठ्ठं ध्यान त्या डबामां शे तुनं!"

बहीण मला स्टँडवर घ्यायला आली आणि तिच्या स्कूटरवरून आम्ही थेट दुकानात गेलो. दुकानदार तिच्या ओळखीचा होता. मी निवडलेला बोर्ड त्याच्याकडे शोकेसमध्येच होता. कडेला रंगीत दिवे, वर चकचकीत पत्रा. वाचलं होतं त्यापेक्षा देखणा. मी त्याचं कौतुक सांगत राहिलो आणि ती खोक्यावरची माहिती वाचत राहिली.

"भाऊ, माझी आत्ताची रॅम ह्याच्यावर बसेल का?"

मी खोकं हातात घेतलं. बसणार नव्हती. बोर्ड नव्या पद्धतीच्या रॅमचा होता, आणि इतक्या आठवड्यांत हे माझ्या नजरेतून सुटलं होतं.

"रॅमही नवी घेऊ," मी म्हटलं.

"आणि हे दिवे? माझ्या कॅबिनेटला पत्र्याचं झाकण आहे."

"कॅबिनेटही..." असं म्हणून मी थांबलो. दुकानदार हसला. ती हसली नाही. हळूच म्हणाली, "तू माझ्यासाठी बघतोयस ना?"

मला ते लागलं. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. पण तिचं चूक नव्हतं. इतके दिवस मी मनातल्या मनात माझाच संगणक जोडत होतो. थोड्या वेळाने ती दोन कप चहा घेऊन आली.

"रागावलास?"

"नाही. साधा बघू. पण प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग दणकट पाहिजे, त्यात मी ऐकणार नाही."

"ते तूच बघ. मला त्यातलं कळत नाही."

मग आत जाऊन आम्ही नीट बसलो. वेग वाढवला की प्रोसेसर जास्त वीज खेचतो, आणि ती पुरवणारे बोर्डावरचे भाग तापतात. ते तापले की सगळं अडखळतं. म्हणून त्यांच्यावर उष्णता ओढून घेणारे ॲल्युमिनियमचे जाड, खाचा पाडलेले ठोकळे हवेत. दुकानदाराने आतून एक काळा, बिनदिव्यांचा बोर्ड आणला. ठोकळे भरभक्कम, रॅम तिचीच चालणार, वेग वाढवायची मुभाही होती. तोच घेतला.

दुपारी आम्ही तो बसवला. बायोसमध्ये आधी न दिसणारं पान आता दिसलं तेव्हा तिने टाळीच वाजवली. मी वेग थोडा थोडा वाढवत गेलो. प्रत्येक वेळी ती एका बंगल्याचं चित्र करायला लावायची आणि आम्ही तापमानाचे आकडे बघत बसायचो. पाइपच्या कारखान्यातून तिचा नवरा घरी आला, त्याने कॅबिनेटवर हात ठेवून पाहिला. "आमचं मशीन ह्याच्यापेक्षा गार असतं," म्हणाला आणि जेवायला बसला. संध्याकाळपर्यंत संगणक चांगला पळू लागला. धुळ्याच्या बसमध्ये मी खूश होतो.

एप्रिलच्या एका दुपारी ऑफिसात तिचा फोन आला. आवाज रडवेला होता. चित्र निम्म्यावर असताना संगणक बंद पडून आपोआप सुरू झाला होता, तेही दुसऱ्यांदा. गिऱ्हाईक खाली बैठकीत बसलेलं होतं.

"मी बोर्ड नीट बघून घेतला होता," मी पहिलं हेच बोललो.

"बोर्डाचं काही नाही रे. माझ्या खोलीवर पत्रे आहेत. ह्या उन्हात मलाच इथे बसवत नाही. आता काय करू तेवढं सांग."

मी फोनवर एकेक गोष्ट सांगत गेलो. तिने वेग खाली आणला, व्होल्टेजही कमी केलं. चित्र सावकाश झालं, पण पूर्ण झालं. तोवर गिऱ्हाईक तिने दिलेलं आंब्याचं पन्हं पीत बसून राहिलं.

त्यानंतर ती स्वतःच बायोसच्या त्या पानावर प्रयोग करू लागली. बोर्डावर वेग आणि व्होल्टेजची वेगवेगळी मापं नाव देऊन जपून ठेवता येतात. तिने एकाला उन्हाळा आणि एकाला हिवाळा असं नाव दिलं. उन्हाळ्यातला वेग मूळ वेगापेक्षा जेमतेम जास्त आहे. मला तो फारच कमी वाटला, तसं मी म्हटलंही.

"बंद पडत नाही, मला तेवढं पुरे," ती म्हणाली.

आता बोर्डाबद्दल तिला माझी गरज पडत नाही. फोन मात्र थांबलेले नाहीत. तयार झालेलं चित्र ती मला आधी पाठवते. मागच्या महिन्यात आलेलं घर आमच्या धुळ्यातलंच, देवपुरातलं होतं. ऑफिसातून येताना मी मुद्दाम वाकडी वाट करून तो प्लॉट बघायला गेलो. कॉलम उभे राहिले होते आणि एक बाई त्यांच्यावर पाइपने पाणी मारत होती. मी फोटो काढून बहिणीला पाठवला. तिचा लगेच फोन आला.

"पश्चिमेला कडुनिंब आहे का? मालक म्हणाले होते, म्हणून मी चित्रात दाखवलाय."

मी प्लॉटला फेरी मारून आलो. "होता वाटतं. आता नुसता बुंधा आहे."

तिने चित्र पुन्हा उघडलं. मग म्हणाली, "थांब, मालकांशी बोलते. सावली गेली, आता त्या बाजूला खिडक्या लहान कराव्या लागतील."