शाळेच्या उंबरठ्यावरचं पीठ

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ऱ्हस्व-दीर्घ चौथीपर्यंत जमलं नाही आणि चौथीनंतर खाप्याची शाळा सुटली ती सुटलीच. हे चुकून कोणाच्या हाती लागलं तर आधीच माफी मागते. ताई म्हणाल्या, एवढा समुद्र ओलांडून आलीस तर चार पानं लिहून ठेव. म्हणून स्वयंपाकघराचं दार लोटून लिहिते आहे.

ताई म्हणजे माझ्या मोठ्या नणंद. लग्न केलं नाही, नागपुरात महाल भागातल्या शाळेत पहिलीला शिकवतात. एका संस्थेनं नागपूरचे तीन मास्तर आणि ताई अशा चौघांना टांझानियातल्या एका खेड्यात, तिथल्या शिक्षकांच्या मदतीला एका सत्रासाठी पाठवायचं ठरवलं. एकट्या बाईला कसं पाठवायचं, म्हणून सासूबाईंनी सोबतीला मला जोडून दिलं. आमची लेक मंदा आजीजवळ राहिली. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं.

ताईंच्या दोन ट्रंका होत्या. एकीत पातळं, दुसरीत नुसते चिंचोके. पहिलीच्या पोरांना मोजणी चिंचोक्यांनीच येते, असा त्यांचा हट्ट. बोट मुंबईहून सुटली तशी मी आडवी झाले. त्यात लोणच्याची बरणी फुटून ताईंच्या पांढऱ्या पातळावर तेलाचा नकाशा उमटला. तेच नेसून त्या डेकवर ऐटीत फिरायच्या.

दार-एस-सलामच्या धक्क्यावर ट्रंक उघडायला लावली. जकातीच्या साहेबानं कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपला, मग एक चिंचोका दाताखाली धरला. हे मोजायला आणलेत, असं ताईंनी इंग्रजीत सांगितलं. हे सगळे मोजायचे, असं विचारून तो इतका हसला की झाकण त्यानं स्वतःच लावलं.

पुढं लॉरीतून लाल मातीचा रस्ता. शाळा पत्र्याची, समोर मोठा आंबा. हेडमास्तर उंच, सायकलवर यायचे. त्यांना सगळे मवालिमू (गुरुजी) म्हणत. पहिलीची मास्तरीण तरुण होती. तिच्या एका वर्गात एवढी पोरं की मागची खिडकीबाहेर उभी राहून शिकायची. तिला हाताशी धरून मोजणी कशी शिकवायची ते दाखवणं, हे ताईंचं काम. जेवायला उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) आणि पाला. उरलेल्या लोणच्यासोबत ती झकास लागते.

ताईंच्या वर्गाचा पहिला दिवस. मला वाटलं, शुभकामाला दार कोरं कसं ठेवायचं? लोकांसमोर काही करायची मला लाज. म्हणून उजाडायच्या आत एकटीच गेले, मक्याच्या पिठानं वर्गाच्या उंबरठ्याशी ठिपक्यांचं कमळ काढलं आणि परत येऊन चहा ठेवला.

शाळा भरायच्या वेळी एकही पोर आत जाईना. सगळी आंब्याखाली उभी. थोड्या वेळानं आया येऊन त्यांना घरी घेऊन गेल्या. ताईंनी कमळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आमच्या दारातलंच कमळ ते. मवालिमूंनी त्यांना समजावलं की इथं अंधारात कोणी दाराशी पीठ टाकलं, तर आत जाणाऱ्याचं वाईट व्हावं म्हणून करणी केली असं धरतात.

ताईंनी लगेच झाडू घेतला, पण मवालिमूंनी अडवलं. एका मुलीच्या आजीचं म्हणणं होतं की ज्यानं टाकलं त्यानंच, सगळ्यांसमोर, अनवाणी पायांनी ते मोडावं. पोरं आली नाहीत तर ताईंना दुसऱ्या गावी हलवू, असं आमच्यातले थोरले मास्तर सांगून गेले. त्या गावच्या शाळेत पहिलीचा वर्गच नव्हता.

रांगोळीवर पाय द्यायचा, तोही आपण काढलेल्या. आणि गावादेखत. मी खोलीत जाऊन रडत बसले. ताई शेजारी बसल्या.

"काहून रडून राहिली वं? तुले जमत नसंल तर राहू दे. मी सामान बांधून घेतो."

त्यांनी खरोखर ट्रंक ओढली. आतले चिंचोके खळखळले. तो आवाज मला ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव आंब्याखाली होतं. मी पदर खाली ओढला, चपला काढल्या आणि कमळाच्या मधोमध उभी राहिले. मग पायानं पुसत गेले, पाकळी पाकळी. संपलं तेव्हा आजीनं मवालिमूंमार्फत विचारलं, की हे काढलंच कशाला?

ताई उत्तर द्यायला निघाल्या होत्या. कसं कोण जाणे, मीच बोलले.

"घरी कोणी येणार असलं की आम्ही काढतो. पोरं येणार होती म्हणून काढलं."

ताईंनी ते इंग्रजीत सांगितलं, मवालिमूंनी त्यांच्या भाषेत. आजीनं वाकून माझे पिठाळ पाय बघितले. मग म्हणाली, "मग अंधारात कशाला? पोरं येतात तेव्हाच काढ."

मी अंगणातच बसले आणि ठिपके मांडायला लागले. एक मुलगी जवळ आली, मग चार, मग मला हात हलवायला जागा उरेना. ताई धावत जाऊन चिंचोके घेऊन आल्या. एकेका ठिपक्यावर एकेक चिंचोका, आणि मास्तरीण मोठ्यानं मोजायला लागली: मोजा, म्बिली, तातू (एक, दोन, तीन). पोरं तिच्यामागून ओरडत होती. तो तास आंब्याखालीच झाला, दुसरा वर्गात.

सत्र संपलं तेव्हा चिंचोके मास्तरणीकडे ठेवले. येताना बोटीवर मला काही झालं नाही. ताईंशेजारी डेकवर बसून मी शेंगदाणे खाल्ले.

नागपूरला स्टेशनवरून सायकलरिक्षानं घरी आलो. दारात ही मोठी रांगोळी होती. ताई कडेनं आत गेल्या. माझा पाय मात्र उंबरठ्याशीच थांबला. का थांबला ते कळलं आणि माझं मलाच हसू आलं.

आजीमागून मंदा डोकावली. "आई, आत काहून येऊन नाही राहिली?"

"कोणी काढली वं ही?"

"मीच. सकाळपासून काढून राहिली. तू येणार होती म्हणून."

तेवढंच ऐकायचं होतं. मी चपला काढल्या आणि कडेकडेनं आत गेले.